पहिलीला कोणीही चालतं

दहावीचे तास संपवून बाई घरी आल्या तेव्हा पायांत गोळे आले होते. शाळेत रीतसर शिकलेल्या शिक्षिका त्या एकट्याच उरल्या होत्या. बाकीचे एकेक करून दुसरीकडे चिकटले. जागेची जाहिरात निघे, पण अर्ज येत नसत. म्हणून बाई दहावीला, आणि पहिलीला शाळेच्या बसचा ड्रायव्हर. मुलांना सोडलं की तो दुपारपर्यंत मोकळाच असे. माणूस लाख मोलाचा, पोरांचा लाडका.

"आजी, वाचून दाखवू?" पहिलीतल्या नातीनं पुस्तक उघडलं आणि घडाघडा धडा म्हणून टाकला. बाईंना अगदी धन्य वाटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी चित्रावर तळहात ठेवला.

"आता वाच बरं, छकुले."

छकुली अक्षरांकडे बघत राहिली. मग तिनं आजीचं बोट धरून हळूच उचलायला सुरुवात केली. "हात काढ ना. चित्र दिसल्याशिवाय कसं येणार?"

बाईंनी पुस्तक मिटलं. त्यांच्या दहावीचा निकाल दरवर्षी गाजायचा, आणि घरातलंच पोर नुसती पोपटपंची करत होतं.

सकाळी त्यांनी फाटकाशीच ड्रायव्हरला गाठलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मी म्हणतो, पोरं माझ्यामागून म्हणतात. पुढं काय करायचं ते मला कुठं ठाऊक? परवान्याशिवाय गाडी चालवली तर पकडतात, बाई. वर्गात कुणी पकडत नाही."

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. "आजपासून मी पहिली घेते."

"डोकं ठिकाणावर आहे ना?" साहेब खुर्चीतून उठलेच. "दहावीला मग कुणाला पाठवू? ड्रायव्हरला?"

"का नाही? पहिलीला चालतो की."

साहेबांनी समजावलं, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. बाईंना भांडायचंही त्राण नव्हतं. त्या नुसत्या उठल्या आणि पहिलीच्या वर्गात जाऊन बसल्या. दुपारी दहावीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. "बाई, आमचं काय?"

ते डोळे बघून बाईंचा निश्चय क्षणभर डळमळला. या मुलीचा तरी काय गुन्हा? "घरी जा आणि हेच विचार," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांग, घरी विचारा."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत फाटकाशी ही गर्दी! दहावीच्या मुलांचे आईबाप, काका, मामा. कुणी कामावर रजा टाकून आलेलं, कुणी तावातावानं फाटक हलवतंय. "वर्गावर शिक्षक नाही म्हणजे काय? पोरांच्या आयुष्याचा खेळ मांडलाय!"

पहिलीच्या मुलांसाठी यांतलं एकही माणूस कधी फिरकलं नव्हतं. या जमलेल्यांतल्या कितीतरी जणांची धाकटी मुलं पहिलीतच बसत होती.

मुख्याध्यापक घाम पुसत पहिलीच्या दाराशी आले. "आता यांना काय सांगू, बाई?"

"खरं ते सांगा. शिकवायला माणूस नाही. काल गेला नाही, कित्येक वर्षांपासून नाही. फक्त आजवर ते लहानांच्या वाट्याला होतं." बाईंनी दार पुढं ढकललं. "आणि हेही विचारा, यांच्यापैकी कुणाला आपलं पोर शिक्षक झालेलं हवंय?"

बाहेरचा आरडाओरडा आतपर्यंत ऐकू येत होता. मग साहेबांनी तो प्रश्न विचारला असावा. कारण फाटकाशी एकदम सगळं शांत झालं.