बियांची वाटी आणि पांढरी कोंबडी

मी एक म्हातारी तांबडी कोंबडी आहे, मित्रांनो, आणि कोंबडीला म्हातारं होता येणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये, दिव्याच्या उबेत झाला. आईचे पंख कसे असतात ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ती पांढरी. पुठ्ठ्याच्या एकाच खोक्यातून आम्ही दोघी या घरी आलो आणि घाबरून एकमेकींना चिकटलो, त्या चिकटलेल्याच राहिलो. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारेखाली, एका मोडक्या कपाटाचं खुराडं करून आम्हाला दिलं होतं. घरातली आई शिवणकाम करायची. तिचं मशीन स्वयंपाकघरातच होतं आणि खिडकी आमच्याकडे उघडायची, म्हणून घरातलं सगळं बोलणं आमच्या कानावर यायचं. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. त्यांचे बूट दारात दिसले की समजायचं, आज सुट्टी.

आणि त्यांची मुलगी चिमणी. चिमणीएवढं खाते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. कुणी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की चिमण्या भरपूर खातात.

आमचे दिवस चांगले चालले होते. मी अंडं दिलं की आई म्हणायची, "शाब्बास गं माझी बाई!" पांढरीला ती "राणी" म्हणायची. कौतुक कुणाला नको असतं?

मग चिमणी आजारी पडली. जिना चढताना तिला धाप लागायची. ओठ पांढरे पडले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, "रक्त फार कमी आहे. हिच्या पोटात ताकदीचं काहीतरी जाऊ द्या."

आता ताकदीचं म्हणजे काय, यावरून घरात जुंपली.

आई म्हणाली, "मी बिया देणार. भोपळ्याच्या, सूर्यफुलाच्या, जवस, तीळ. काय नाही त्यात?"

चिमणीची आत्या पलीकडच्या गल्लीत राहायची. ती उसळून म्हणाली, "वहिनी, बिया पाखरांना घालतात. पोरीला कोंबडीचं सूप पाजा. दारात दोन-दोन फिरताहेत की!"

"अंडी देताहेत त्या, ताई. आधी बियांनी बघू. गुण नाही आला तर तुम्ही म्हणाल तसं."

खिडकीखाली आम्ही दोघी ऐकत उभ्या होतो. आमचा जीव आता एका वाटीवर होता. चिमणी बिया खाईल, तर आम्ही वाचू.

आई रोज सकाळी बिया मंद आचेवर भाजायची, निवडायची आणि वाटी चिमणीच्या हातात द्यायची. "अंगणात उन्हात बसून खा हं, बाळा."

चिमणी उन्हात बसायची. आई मशीनवर बसली, टकटक सुरू झाली, की ती हळूच आम्हाला बोलवायची. "तांबडे, ये. पांढरे, ये." आणि वाटी आमच्यासमोर रिकामी करायची. मऊ, गरम हात होता तिचा. मी त्या हातातून खायचे. मला वाटलं, ही पोर स्वतःच्या तोंडातला घास आम्हाला देते आहे. केवढी माया! मी तिच्या पायाशी डोळे मिटून बसू लागले. कोंबडी डोळे मिटते ते फक्त भरवशाच्या माणसाजवळ.

आमची पिसं चमकू लागली. चिमणी मात्र सुकत गेली.

"वाटी तर रोज चाटूनपुसून संपवते," आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "मग अंगाला लागत का नाही?"

"बघा, मी सांगत होते," आत्या म्हणाली.

चिमणी दारातच होती. तिने सगळं ऐकलं. मी मान उंच करून तिच्याकडे पाहिलं. आता ही बोलेल. एक वाक्य, बस. 'मी बिया खाल्ल्याच नाहीत.' चिमणीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा वाटी आमच्यासमोर आली. पांढरी खादाड, तिने जास्त खाल्लं. थोड्या वेळाने आत्या आली. पांढरीने अंडी द्यायची थांबवली होती, म्हणून तिला उचललं. राणी म्हणवून घ्यायची सवय बिचारीला. तिने पायही झाडले नाहीत.

कोंबडी साफ करताना आत्याची सुरी थबकली. "वहिनी, इकडे या. हे काय?"

पांढरीच्या गळ्यातल्या चाऱ्याच्या पिशवीत भोपळ्याच्या बिया होत्या. भाजलेल्या, निवडलेल्या, जशाच्या तशा.

आईने त्या तळहातावर घेतल्या. ती ओरडली नाही. "चिमणे," ती म्हणाली, "मी बियांना नावं ठेवत होते गं. रोज देवासमोर भांडत होते." मग ती मशीनवर जाऊन बसली, पण मशीन चालू झालं नाही. चिमणी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "चव आवडत नव्हती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे माया नव्हतीच. आम्ही तिची कचऱ्याची टोपली होतो. मित्रांनो, सुरीपेक्षा हे मला जास्त लागलं.

नर्सबाई तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी सारं ऐकून घेतलं. "वजनाला वजन लावलं तर भोपळ्याच्या बिया प्रथिनांत कोंबडीला हार जात नाहीत," त्या म्हणाल्या. "लोह तर बियांत जास्तच. चोथा आहे, तो मांसात नाही. पण बिया माणूस मूठभरच खातो, आणि त्यांतलं लोह अंगात सावकाश मुरतं. मांसातलं चटकन मुरतं. बियांवर लिंबू पिळा, फरक पडेल. बी-बारा जीवनसत्त्व मात्र बियांत मिळत नाही, ते अंड्यात मिळेल. या दोघांची कुस्ती लावलीत कशाला?"

कशाला, हे मी पांढरीच्या रिकाम्या जागेला विचारलं.

बियांचं कूट, लिंबू, माझी अंडी आणि नर्सबाईंच्या गोळ्या, यांनी चिमणी सावरली. आत्या सांगत फिरली, सुपाने गुण आला. आई म्हणायची, बियांनी. पांढरीचं नाव कुणीच घेतलं नाही.

यालाही बराच काळ लोटला. आता माझी अंडी थांबली आहेत. काल आत्या आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचं तरी काय लोणचं घालणार आहात?"

चिमणी आता आईच्या खांद्याला लागते. ती पुढे आली. "आत्या, पांढरी माझ्यामुळे गेली. मी खोटं बोलले म्हणून. हिला कुणी हात लावायचा नाही."

आत्या आत निघून गेली. चिमणी माझ्याशेजारी पायरीवर बसली. मी तिथून हलले नाही, पण डोळेही मिटले नाहीत.

मित्रांनो, ताटातलं आवडत नसेल तर आवडत नाही म्हणा. आई रागावेल, घटकाभराने हसेल. पण तुमच्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते, आणि खरं उद्या बोलू म्हटलं, तरी उद्यापर्यंत ते ऐकायला सगळेच उरत नाहीत.