चर्चेच्या कोपऱ्यातला बंबर

मला घडवले बसण्यासाठी, पण माझे नाव झाले ते माझ्यावर उभे राहणाऱ्यांमुळे. मित्रांनो, मी एक जुना बंबर आहे. बंबर म्हणजे चार बुटके पाय, वर लाकडी चौकट आणि चौकटीत दोरीची घट्ट वीण. आमच्या सुदानात चहाच्या प्रत्येक शेगडीभोवती माझे भाऊबंद दिसतील. माझे लाकूड नाईलकाठच्या बाभळीचे. वद मदनी गावच्या एका सुताराने मला ठोकले, त्याच्या आईने मला विणले आणि खाला बतूलने मला बाजारातून डोक्यावर घेऊन आणले.

खाला म्हणजे मावशी. बतूल कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणून ती सगळ्यांची खाला झाली. शेतकी महाविद्यालयाच्या आवारात, कडुनिंबाखाली, ती चहा विकायची. पुदिन्याचा चहा, आल्याची कॉफी आणि सकाळी साखर भुरभुरलेली गोड भजी. चहा असतो तिथे वाद असतोच. त्याच सावलीत विद्यार्थ्यांचा चर्चेचा कोपरा भरायचा. बोलणाऱ्याला सगळ्यांनी पाहावे म्हणून कुणीतरी एकदा मला ओढून मध्ये ठेवले आणि त्या दिवसापासून माझे नशीब पालटले.

कोपऱ्याचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण ते सगळ्यांना पाठ होते. माझ्यावर जो उभा आहे त्याचे बोलणे कुणी मध्येच तोडायचे नाही. त्याचे बोलून झाले की त्याने खाली उतरून समोर जमिनीवर बसायचे आणि विरोधकाचे उत्तर शेवटपर्यंत ऐकायचे. उत्तर अर्धवट टाकून जो उठला तो हरला. त्याला पुन्हा कुणी बोलायला बोलवायचे नाही. आणि एक कायदा खाला बतूलचा होता. कुणी जोड्यांसकट माझ्यावर चढू लागला की ती पळीनेच त्याच्या पोटरीवर मारायची. म्हणायची, "ही वीण काय तुझ्या सासऱ्यानं करून दिलीय? जोडे काढ, मग देश सुधार."

त्यामुळे मी माणसांना तळव्यांवरून ओळखू लागलो. खोटे बोलणाऱ्याचे तळवे घामेजतात. घाबरलेल्याची बोटे चौकट घट्ट धरतात. आणि ज्याला खरोखर काही सांगायचे असते, तो टाचा उचलतो.

रिहाब नेहमी टाचा उचलायची. ती कालव्याकाठच्या एका खेड्यातली, शेवटच्या वर्षाला शिकणारी, चणीने इतकी लहान की माझी खरी गरज तिलाच होती. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा ती खाला बतूलला कोळशाने फरशीच्या तुकड्यावर अक्षरे काढून दाखवायची. खाला शिकली आणि शेजारी पडल्या पडल्या मीही शिकलो. म्हातारपणी अक्षर कळले की काय आनंद होतो, ते तुम्हा लवकर शिकलेल्यांना कसे सांगू!

रिहाबचा कायमचा विरोधक मुअतसिम. हा ताडासारखा उंच. त्याला माझी मुळीच गरज नव्हती. माझ्यावर चढला की कडुनिंबाच्या फांद्या त्याच्या डोळ्यांत जायच्या आणि तो मान वाकडी करून भाषण करायचा. पण कायदा तो कायदा. रिहाब म्हणायची, विद्यार्थी संघात प्रत्येक गटाला त्याच्या मतांच्या प्रमाणात जागा हव्यात. मुअतसिम म्हणायचा, जो जिंकला त्याने चालवावे, नाहीतर नुसती भांडणे. आदल्या वर्षी संघाच्या निवडणुकीत भोजनगृहात खुर्च्या उडाल्या होत्या, त्यामुळे त्याच्या बाजूने हसणारेही भरपूर असायचे.

त्या खुर्च्यांमुळेच कार्यालयाने संघ बंद केला होता. मग वर्तनाची नवी नियमावली निघाली. ती कुणी पाहिली नव्हती. मुलांना दंड व्हायचा, वसतिगृहातून सामान बाहेर यायचे, आणि विचारले की उत्तर मिळायचे, "नियमात आहे." कुठला नियम, हे नियमात नव्हते.

रिहाबला ग्रंथालयात तिची एक प्रत सापडली. तिथेच बसून तिने ती सगळी हाताने उतरवून काढली. एका सकाळी माझ्यावर उभे राहून तिने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आणि मित्रांनो, काय सांगू? त्यात नुसत्या शिक्षा नव्हत्या, विद्यार्थ्यांचे हक्कही होते. आरोप लेखी मिळण्याचा हक्क. वर दाद मागण्याचा हक्क. चौकशी समितीत विद्यार्थ्यांनी निवडलेला एक सदस्य असण्याचा हक्क. एकेका कलमाला मुले शिट्ट्या वाजवू लागली. मुलींनी आमच्याकडे लग्नात करतात तसा, जीभ हलवून 'लुलुलु' असा जल्लोष केला. खाला बतूलचा चहा उतू गेला, तरी ती शेगडीकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी रिहाबला कार्यालयाचा कागद आला. परवानगीशिवाय जमाव करून वाचन केले, हा शिस्तभंग. गुरुवारी चौकशी. शिक्षा ठरल्यासारखीच होती : एक वर्ष बाद आणि घरी परत.

हे घरी परत जाणे साधे नव्हते. तिची धाकटी बहीण पुढच्या वर्षी शिकायला यायची होती. थोरले काका आधीच म्हणत होते की एक मुलगी शिकली तेवढे पुरे. रिहाब हात हलवत परतली असती, तर दोघींचेही दार बंद झाले असते. त्या दुपारी ती माझ्यावर नुसती बसली होती. खालाने न मागता चहा दिला आणि म्हणाली, "पी. रडायचं असेल तर पिऊन झाल्यावर रड, गार चहा कुणी विकत घेत नाही." रिहाब हसली आणि मग रडली.

सोमवारी भर दुपारी अधिष्ठाता डॉक्टर बाबिकर स्वतः कोपऱ्यावर आले. इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा, मागे कारकून. त्यांना फक्त बजावायचे होते की चौकशी होईपर्यंत इथे कुणी बोलणार नाही. पण मागच्या मुलांना ऐकू येईना. शिक्षकांना आमच्याकडे उस्ताद म्हणतात. कुणीतरी अदबीने म्हणाले, "उस्ताद, बंबरावर उभे राहा ना." डॉक्टर माझ्याकडे वळले. खाला बतूलने पळी उचललीच होती, पण गरज पडली नाही. त्यांनी आपण होऊन जोडे काढले, मोजे काढले आणि ते माझ्यावर चढले.

माझी वीण थरारली. हे तळवे माझ्या ओळखीचे होते! उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, टाचा उचललेल्या. खूप वर्षांपूर्वी हाच मुलगा इथे उभा राहून भोजनगृहातल्या अळ्या पडलेल्या डाळीविरुद्ध गर्जायचा. तेव्हा त्याच्या सदऱ्याला बटणेही धड नव्हती.

डॉक्टर शिस्तीवर बोलले, आणि चांगले बोलले. गेल्या वर्षी एका मुलाचे डोके फुटले होते, त्याच्या आईला काय उत्तर द्यायचे, असे त्यांनी विचारले. मग ते उतरले. आणि उतरून, मित्रांनो, ते समोर जमिनीवर मांडी घालून बसले.

जुनी सवय ती! पायांना आठवण राहिली, डोक्याला नाही. बसल्यावर त्यांना कळले की आपण काय केले. आता ते कोपऱ्याचे वक्ते झाले होते आणि वक्त्याला उत्तर ऐकावेच लागते. कारकून धावत आला आणि त्यांच्या काखेत हात घालू लागला. तेवढ्यात मुअतसिमचा आवाज आला, "राहू द्या. उस्ताद उत्तर ऐकायला बसलेत."

डॉक्टरांनी कारकुनाचा हात बाजूला केला. म्हणाले, "बसलोय खरा. बोला, कोण बोलतंय?"

रिहाबने चपला काढल्या. तिची बोटे माझी चौकट इतकी घट्ट धरून होती की मला तिच्या काळजाचे ठोके कळत होते. मग हळूहळू टाचा उचलल्या गेल्या.

"उस्ताद, त्या आईला उत्तर द्यायला हवं, हे खरं," ती म्हणाली. "पण शिस्त पाळायची तर ती माहीत नको? मी तुमचीच नियमावली वाचली. त्यात माझं एक अक्षर नाही. आणि तीच सांगते की समितीत एक खुर्ची आमची आहे. संघ बंद, म्हणून ती रिकामी. रिकाम्या खुर्चीसमोर माझा न्याय करू नका. खुर्ची भरू द्या. मग शिक्षा झाली तर मी घरी जाईन."

डॉक्टर धूळ झटकत उठले. म्हणाले, "बुधवारी मतं घ्या. सगळ्यांचा मिळून एक माणूस निवडा. एक जरी खुर्ची उडाली, तर गुरुवारी जी समिती आहे तीच बसेल." मग जोडे शोधू लागले. खालाने ते शेगडीपासून दूर, सावलीत नीट ठेवले होते.

त्यानंतरचे दोन दिवस आवार नुसते उसळत होते. रिहाबच्या मैत्रिणींना आपल्यातलीच कुणी हवी होती. रिहाब माझ्यावर चढली आणि म्हणाली, "मी मुअतसिमचं नाव सुचवते."

मुअतसिमच्या घशात चहा अडकला. "मला विचारलंस का? तुझं एकही मत मला पटत नाही."

"म्हणूनच," रिहाब म्हणाली. "मैत्रीण बोलली तर म्हणतील, मैत्रीणच ती. रोज माझ्या चुका काढणारा बोलला तर ऐकावं लागेल."

"आणि तिथेही चुकाच काढल्या तर?"

"तर त्या असतील. इथे उतरून ऐकतेच की मी."

शेजारचा मुअतसिमला कोपराने ढोसून म्हणाला, "बाबा, हो म्हण, नाहीतर ती अजून बोलेल." सगळे हसले. त्याने मान हलवली. पण एक मुलगा त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि राहायलाच हवा होता; एकट्याची कसली निवडणूक?

मतपेटी कुठली? खाला बतूलचा साखरेचा पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेला. बुधवारी सकाळी रांग कडुनिंबापासून थेट महाविद्यालयाच्या गोठ्यांपर्यंत गेली. निम्मी मते पडली असतील, तोच पश्चिमेकडून धुळीची तांबडी भिंत उठली. आमच्याकडे ती आली की दिवसा दिवे लावावे लागतात. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आवार क्षणात रिकामे झाले असते. त्या दिवशी रांगेतून एक पोर हलले नाही. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंडावर फडके ओढले आणि डोळे मिटून सगळे उभे राहिले.

डबा उडू लागला तेव्हा खालाने तो माझ्या चार पायांमध्ये सरकवला आणि स्वतः माझ्यावर बसली. खाला अंगाने भरभक्कम होती. वर ती, खाली मते आणि मध्ये मी! माझा मागचा डावा पाय कडकन तडकला, पण मी तग धरला. दोन्ही गटांची पोरे आम्हाला कडे करून बसली. गेल्या वर्षी एकमेकांवर खुर्च्या फेकणारे हात त्या दिवशी एकमेकांत गुंतले होते. धूळ ओसरली तेव्हा सगळे विटकरी रंगाचे झाले होते. कोण कुठल्या गटाचा, ते ओळखू येईना. खाला खाकरून म्हणाली, "चला, पुढचा कोण? माझं दूध नासलंय, निदान मतं तरी नासू देऊ नका."

मुअतसिम निवडून आला. एकही खुर्ची उडाली नाही.

गुरुवारी समिती बसली. मी तिथे नव्हतो. बंबराला त्या खोलीत कोण नेणार? माझा पाय तारेने बांधून खालाने मला जागेवर ठेवले होते आणि रिहाबची मैत्रीण माझ्यावर बसून नखे कुरतडत होती. सावल्या लांबल्या तेव्हा रिहाब आणि मुअतसिम बाहेर आले. मुअतसिम आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "वर्ष वाचलं. लेखी समज दिलीय. नियमावली भिंतीवर लागणार. पुढच्या सत्रात संघाची निवडणूक."

जल्लोष असा उठला की गोठ्यातल्या गाई हंबरू लागल्या. आत काय झाले ते रिहाबने नंतर सांगितले. मुअतसिमने तिच्या दोन चुका खरोखर दाखवल्या : आधी कळवायला हवे होते आणि तासाच्या वेळी जमाव करायला नको होता. तिने त्या मान्य केल्या. मग तो समितीला म्हणाला, "तिचं म्हणणं मला पटत नाही आणि मी त्याला रोज उत्तर देतो. तिला घरी पाठवलंत, तर मी उत्तर कुणाला देऊ?" यावर डॉक्टर बाबिकरांनी तिच्या बाजूने मत दिले.

दुसऱ्या दिवशी रिहाब माझ्यावर चढली. सगळ्यांना वाटले, आता आभाराचे भाषण. तिने एका वाक्यात आभार मानले आणि म्हणाली, "आता मुअतसिमच्या जागावाटपाच्या मुद्द्याकडे वळू. तो साफ चुकीचा आहे." मुअतसिम हसत हसत जमिनीवर बसला.

पुढे महाविद्यालयात सभागृह झाले, ध्वनिक्षेपक आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. खाला थकली. आता मी तिच्या अंगणात असतो आणि माझ्यावर कोंबड्या बसतात. त्या बोलतात खूप, ऐकत कुणी नाही. माझी वीण सैल झाली आहे. कुणी घट्ट केली तर बरे वाटेल, पण मागणे ते नाही.

मित्रांनो, मागणे एवढेच आहे. तुमच्या शाळेत, वसतिगृहात, संघात कधी कुणाला बाहेर काढायची वेळ आली, तर आधी पाहा की त्याच्या बाजूने बोलायला कोण बसले आहे. ती जागा रिकामी असेल, तर तुम्ही जाऊन बसा. तो तुमचा मित्र नसेल, तर जरा लवकर जाऊन बसा.