पुंजाजीची खाच

आमच्या बार्शीटाकळीकडच्या टेकड्यांवर सलई उदंड. तिच्या खोडाला कुऱ्हाडीनं खाच मारली की डिंक पाझरतो आणि सालभरात तिथलं लाकूड तेल पिऊन पिवळंजर्द होतं. मग त्याच्या ढलप्या काढायच्या. एक ढलपी चुलीत सारली की ओल्या गोवऱ्यासुद्धा निमूट पेटतात. बडनेऱ्याला रेल्वेत असलेला माझा भाऊ सांगतो, हिमालयाकडं चिडाच्या लाकडाचं असंच करतात. करत असतील, मी काही बघायला गेले नाही.

खाचेचा आमच्याकडं एकच कायदा. ज्यानं मारली त्याची ती. दुसऱ्यानं तिला कुऱ्हाड लावली तर ती चोरी, मग तो सख्खा भाऊ का असेना.

माझे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, पुंजाजी वारले तेव्हा त्यांची एक खाच नुकतीच मारलेली होती. माझी जाऊ जाईबाई दुःख उगाळत बसणारी नाही, पण त्या झाडावर तिचा सगळा जीव. "त्याच्या हातचं तेवढंच राह्यलं, मनकर्णा," ती म्हणायची. "पिकलं का मी सोता आणतो."

आणि एक दिवस ती सरपणाला गेली तर खाचेवर कुऱ्हाडीचे ताजे वार! वरच्या वाटेनं देवमन उतरत होता, खांद्यावर कुऱ्हाड.

देवमन म्हणजे पुंजाजींचा लहानपणापासूनचा जोडीदार. छप्पन साली सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, पुंजाजींनी पाटलाच्या दारची जुनी कामं सोडली. देवमननं पोटासाठी ती आणखी काही महिने केली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, ते अगदी मरेपर्यंत. पुंजाजी माणूस सोन्यासारखा, पण अढी धरली की धरली. चुकलंच त्यांचं, मी तेव्हाही म्हणत होते.

जाईबाईनं भर विहिरीवर देवमनला गाठलं. "मेलेल्या माणसाची चोरी करतं? लाज नाई वाटत तुले?" बाया घागरी भरायच्या थांबल्या. देवमन मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, गप्प बसला म्हणजे चोरच.

माघात लाकूड काढायला आम्ही तिघं गेलो. माझे मालक शेषराव कुऱ्हाड चालवायला. पहिली ढलपी उडाली आणि डिंकाचा वास सुटला. लाकूड असं तेलकट, की हाताला चिकटावं. त्यातलं बोटभरही कुणी नेलेलं नव्हतं.

"मंग हे वार कायचे?" जाईबाईनं विचारलं.

शेषरावांनी खाच निरखली. "खरवडली आहे कोनं तरी, घडीघडी. नाई तं साल तोंड मिटते, तेल थांबते. ही तं कवाच मिटाले पाह्यजे होती."

आम्हा बायांना हे कुठं ठाऊक! खाच मारणं पुरुषांचं काम.

"अन् तुमी काहून नाई खरवडली?" मी विचारलं.

"दादाची खाच होती," ते म्हणाले. सख्ख्या भावाला कायदा आडवा आला होता.

जाईबाई तडक देवमनच्या दारी. मी मागोमाग. तो अंगणात दोर वळत होता.

"इतकं बोललो मी तुमाले चार बायांत, देवमनभाऊ. तोंड काहून नाई उघडलं?"

"कायदा तं मोडलाच होता ना, वयनी."

"पन काहून? तो तं तुमच्याशी बोलतही नव्हता."

देवमननं दोर खाली ठेवला. "तिथं गेलो का वाटे, पुंजाजी अजून रुसून बसला आहे माह्यावर. खाच मिटली असती तं तेही संपलं असतं. रुसाले तरी मानूस लागते ना, वयनी."

जाईबाई त्याच्या अंगणात खाली बसली आणि पदरातल्या ढलप्या तिनं त्याच्यापुढं ओतल्या, सगळ्या.