आठ जणांचा थाळा

मित्रांनो, तुमच्या घरातल्या स्टीलच्या ताटांना माझ्या आकाराची कल्पना यायची नाही. मी तांब्याचा एक जुना थाळा आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात. माझ्याभोवती मांडी घालून आठ जण बसतात, ज्याच्या त्याच्या समोर भात पडतो आणि सगळे एकाच थाळ्यात जेवतात. महाडच्या मुसलमान घरांतली ही जुनी रीत आहे.

१९६१ साली हसनशेठच्या लग्नासाठी एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा ते शेठ नव्हते, बोटीवर खलाशी होते. माझ्यावर पहिली कल्हई चढली आणि लग्नातली पोरं माझ्यात तोंड बघून भांग पाडू लागली. एवढं कौतुक मला पुढे फारसं मिळालं नाही, म्हणून मुद्दाम सांगून ठेवतो.

हसनशेठची धाकटी बहीण हफिजा. तिला सव गावात दिली होती, पण नवरा लवकर वारला आणि ती भावाच्या घरी परत आली. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पुढे हसनशेठ कुवेतला गेले आणि त्यांनी पाठवलेल्या पैशातून पहिला ट्रक आला. दोघे भाऊही तेव्हा बोटीवर असायचे, कागदांवर सही करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून परवाना बहिणीच्या नावाने निघाला आणि ट्रकच्या दारावर अक्षरं रंगली, 'हफिजा ट्रान्सपोर्ट'. शेठ परत आले तोवर एकाचे चार ट्रक झाले होते. आता तरी नाव बदला, असं कुणीतरी सुचवलं.

"कशाला?" शेठ म्हणाले. "बहिणीच्या नावात बरकत हाय."

बरकत होतीच. औद्योगिक वसाहत आली, तिथल्या कारखान्यांना पिंपं लागू लागली, तसा शेठनी पिंपांचा कारखाना काढला. मग मासळीसाठी बर्फाचा कारखाना, पोलादपूरला भातगिरणी, हायवेला हॉटेल, मुंबईत जहाजांची एजन्सी, शेवटी दुबईत कचेरी. १९९५ पर्यंत चौदा कंपन्या झाल्या आणि लोक 'ग्रुप' म्हणू लागले. प्रत्येक नवी कंपनी आधीच्या कंपनीच्या कमाईतून निघाली, म्हणून तिची मालकीही आधीच्या कंपनीकडे. मडक्यावर मडकं रचलेली उतरंड असते ना, तशी ती रचना होती. सगळ्यात खालचं मडकं हफिजा ट्रान्सपोर्टचं, आणि त्या कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर हफिजाबाईंच्या नावावर.

ग्रुप चालायचा मात्र माझ्याभोवती. शुक्रवारची नमाज झाली की शेठ, त्यांचे मुलगे बिलाल आणि अकिब, शेठचे दोन भाऊ, दोन पुतणे आणि पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर, कापडे गावचा दत्ताराम, असे आठ जण बसायचे. थाळ्यावर बसेल त्यालाच मत, हा शेठचा नियम. दत्तारामलाही मत होतं. हफिजाबाई उभ्या राहून वाढायच्या आणि पुरुष उठले की आत बायकांबरोबर जेवायच्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. माझी कल्हई कथलाचीच, म्हणून ही म्हण मला जरा लागते.

जेवणं आटोपली की कागद सहीसाठी स्वयंपाकघरात जायचे. बाई हात पुसून एकेक पान वाचत बसायच्या.

"वाचतेस काय गो? सही कर नुसती," शेठ बाहेरून म्हणायचे.

"चाय उकळंपर्यंत वेळ हाय माझ्याकडं," त्या म्हणायच्या.

अशा चहाच्या आधणांवर त्यांनी तीस वर्षांचे कागद वाचले. चौदाही कंपन्या त्यांना जेवढ्या ठाऊक होत्या तेवढ्या शेठनाही नसतील. पण पिकतं तिथे विकत नाही. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

ग्रुपच्या तिसाव्या वर्षी एक जाडजूड पुस्तक छापलं गेलं. त्यात माझा पानभर रंगीत फोटो आहे. भोवती आठ पुरुष हसतायत. डाव्या कडेला डाव धरलेल्या हाताचा कोपर दिसतो, तो हफिजाबाईंचा. फोटोखाली नावं फक्त आठ आहेत. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण थाळ्याला कोण विचारतो.

मग नवा बंगला झाला आणि त्यात बारा खुर्च्यांचं टेबल आलं. मला गच्चीवर नेऊन एसीच्या गळत्या नळीखाली ठेवलं. कल्हई गेली, अंगावर हिरवा कळंक चढला. खाली घरातही बरं चाललं नव्हतं. २००३ साली शेठ गेले आणि वर्षभरात बिलाल आणि अकिब एकमेकांशी वकिलांमार्फत बोलू लागले. दुबई आणि जहाजं बिलालची, कारखाने अकिबचे, अशी वाटणी ठरली. ग्रुप मोडायचा होता.

हिशेब बघणाऱ्या विनोदिनीबाई महाडच्याच. त्यांनी सगळे कागद चाळले आणि चष्मा काढला.

"ट्रान्सपोर्टच्या मंजुरीशिवाय यातली एकही कंपनी इकडची तिकडे होणार नाही. हफिजाबाईंची सही लागेल. आणि ती रीतसर सभेत व्हायला हवी."

"फुफी काय, करील सही," बिलाल म्हणाला.

दोघे भाऊ फाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले. हफिजाबाईंनी फाइल हातात घेतली नाही.

"सभेत सही पायजे ना? तुमच्या बाबाची सभा थाळ्यावर व्हायची. आधी थाळा काढा."

मला खाली आणलं. कल्हईवाला शोधण्यात दोन दिवस गेले, कारण तो धंदाच आता बसलाय. शेवटी सोमा नावाचा एक म्हातारा सापडला. त्याने मला चिंचेने घासलं, तापवलं, नवसागर टाकून कथील फिरवलं. मी पुन्हा तोंड दिसण्याइतका उजळलो.

शुक्रवारी सगळे जमले. शेठ नव्हते, म्हणून सातच जण माझ्याभोवती बसले. विनोदिनीबाई शेजारी खुर्चीवर. हफिजाबाई नेहमीसारख्या वाढत फिरत होत्या, आणि वाढता वाढता बोलू लागल्या.

"दुबईची कचेरी पिंपांच्या कारखान्याच्या जिवावर चालते. आज तोडलीत तर वरसाच्या आत बसेल. बिलाल, तुला हे म्हाईत हाय."

खरं होतं ते.

"दोन वरसं अकिबनं कारखान्याच्या पैशातून ती सांभाळायची, मग सुटं व्हायचं. असं लिवलंत तर माझी सही. आणि ट्रान्सपोर्ट मी कुणाला देणार नाय."

"बाई, हे आधी कधी नाय बोललात?" दत्तारामने विचारलं.

"विचारलं कोणी?"

विनोदिनीबाईंनी तसं कलम लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही. मग अकिब सरकला आणि शेठची जागा मोकळी करून म्हणाला, "फुफी, बस. उभ्यानं सही नको."

त्या बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर बसल्या. वर्षानुवर्षं त्यांनी मला घासलं होतं, माझा एकेक पोचा त्यांना ठाऊक होता. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. त्यांच्या समोर भात नव्हता. त्यांनी सात जणांना वाढलं होतं.

"माझं वाढायचं राह्यलं," त्या कसनुसं हसत म्हणाल्या. "मोजताना मी मलाच धरलं नाय."

बिलालने मान खाली घातली. मग त्याने आपल्या समोरचा निम्मा भात हाताने त्यांच्याकडे लोटला. दुसऱ्या बाजूने अकिबनेही लोटला. बाई जेवल्या, आणि जेवून झाल्यावर त्यांनी सही केली.

ग्रुप मोडला, मित्रांनो. दोन वर्षांनी दोघे वेगळे झाले, आता ईदेला भेटतात. ट्रान्सपोर्टची सभा मात्र अजून माझ्यावर होते. मी धातूचा आहे. मला चिंचेने घासा, दोन वर्षांतून एकदा कल्हई करा, एवढ्यावर माझं भागतं. माणसांचं तेवढ्यावर भागत नाही. म्हणून तुम्ही जेवायला बसाल तेव्हा पहिला घास घेण्याआधी पानं मोजा, आणि जी वाढते आहे तिला धरून मोजा. ती स्वतःला मोजत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.