टाक्याचं पाणी आणि लाल दोरा

चेन्साच्या घराखाली खडकात खोदलेलं टाकं होतं. गच्चीवर पडलेला पाऊस नळातून त्यात उतरायचा आणि वर्षभर पुरायचा. गोझो बेटावर टाकी सगळ्यांच्याच घराखाली असतात, पण गल्लीतल्या बाकीच्या बायका त्या पाण्यानं लाद्या धुवायच्या आणि प्यायला बाटल्या घ्यायच्या. पाणीवाल्याची गाडी भोंगा वाजवत गल्लीत शिरली की चेन्सा मुद्दाम दारात येऊन उभी राहायची.

"घ्या गं बायांनो, घ्या! आज्यापणज्यांनी खडक फोडून पाणी दिलं, आणि तुम्ही प्लॅस्टिक चोखत बसा."

समोरच्या दारातली मारोझा बाटल्यांचा गठ्ठा पोटाशी धरून मान खाली घालायची. तेवढ्यावर चेन्साचा दिवस बरा जायचा.

घरात ती, मुलगा साल्वू आणि सून दोरियान. साल्वू गवंडी. गेल्या वर्षी परांचीवरून पडला तो खाटेला खिळला. पाय होते, पण नसल्यासारखे. दुखायचे मात्र असल्यासारखे. गोळ्यांनी पोटाची चाळण केली. झोप लागायची ती फक्त गांजाचे चार झुरके घेतल्यावर, आणि तोही नेनूच्या झाडांचा. नेनू त्याचा जुना जोडीदार, दगड घडवणारा. दुसरीकडचा माल आणला की साल्वूला ओकाऱ्या व्हायच्या. आता कायदाही आडवा येत नव्हता. घरात चार झाडं लावा, रस्त्यावरून दिसू देऊ नका, बस. नेनूनं आपल्या झाडांच्या फांद्या दिल्या, आणि अंगणातला जिना चढून वरच्या खोलीत, जिथं चेन्साचा नवरा मासेमारीची जाळी ठेवायचा, तिथं चार कुंड्या आल्या. खिडकी बंद, डोक्यावर दिवा, कोपऱ्यात पंखा. राबायची दोरियान, पाणी चेन्साच्या टाक्याचं. थंडीच्या आत झाडं फुलली तर साल्वू झोपणार होता. नाही फुलली तर थंडीभर कण्हणार होता.

आणि पानं पिवळी पडायला लागली.

"तुझ्या हाताला काही रुजतच नाही," चेन्सा सुनेला म्हणाली. "पुदिना लावलास, मेला. पोर तर धरलंच नाही. आता माझ्या लेकाचं औषधही मार."

दोरियान पलीकडच्या मोठ्या बेटावरची, स्लीमातली. हॉटेलात कामाला जायची, नखं रंगवायची, आणि सासूला उलटून बोलायची नाही. चेन्साला हा शेवटचा गुण सगळ्यात जास्त खुपायचा.

"आई, मी मोजून पाणी घालते हो. मला वाटतं, पाण्यातच काहीतरी..."

"पाण्यात काय?"

"काही नाही."

"नाही, बोल ना! माझ्या टाक्यात काय आहे? उंदीर? तुझी आई?"

दोरियाननं नेनूला बोलावलं. नेनू जिना चढून गेला, दिव्याखाली वाकला, एक फांदी दोन बोटांत धरून वर-खाली पाहिली. चेन्सा उंबऱ्यात उभी.

"खालची पानं हिरवीगार आहेत," तो म्हणाला. "खत कमी पडलं असतं तर आधी खालची पिवळी पडली असती. टोकंही जळलेली नाहीत, म्हणजे खत जास्तही झालेलं नाही. पिवळी पडलीत ती वरची, कोवळी. आणि बघा, पान पिवळं पण शिरा हिरव्या." मग त्यानं विचारलं, "पाणी कुठलं घालता?"

चेन्सा खाली गेली, टाक्यातून गार पाणी शेंदलं, काचेच्या चांगल्या पेल्यात ओतलं आणि वर येऊन त्याच्यापुढं धरलं.

"हे. पिऊन सांग."

गावात माणूस कुणाच्या बायकोबद्दल बोलेल, कुणाच्या बापाबद्दल बोलेल, पण कुणाच्या घरात उभं राहून त्या घरच्या टाक्याला नाव ठेवणार नाही. नेनूनं पेला रिकामा केला. तोंड पुसलं.

"अमृत आहे, चेन्साबाई."

"मग?"

नेनूनं दोरियानकडं पाहिलं नाही. "पाणी जरा जास्त होत असेल. नव्या हाताला अंदाज येत नाही."

"ऐकलंस?" चेन्सा म्हणाली.

दोरियान त्याला सोडायला दारापर्यंत गेली. चेन्सा वरच्या झडपेच्या खिडकीआड उभी राहिली. कुणाचं बोलणं चोरून ऐकणं तिच्या शानीला शोभणारं नव्हतं, म्हणून हातात झाडू घेतला होता.

"खोटं बोललास ना रे, नेनूदादा?" दोरियानचा आवाज.

"मग काय करू? म्हातारीच्या तोंडावर सांगू? अगं, टाक्यात चुना उतरलाय. गच्ची पांढरी केली असेल, आणि पहिली सर गल्लीत सोडून द्यायच्या ऐवजी आत घेतली असेल. चुन्याच्या पाण्यानं झाडाला लोह मिळत नाही, मुळं उपाशी राहतात. दोन कुंड्यांना बाटलीचं पाणी घालून बघ, नवी पालवी आपोआप सांगेल. पण माझं नाव घेऊ नकोस."

चेन्साच्या हातातला झाडू तसाच राहिला. गच्चीला चुना तिनंच लावला होता. जत्रेच्या आधी, मारोझाच्या गच्चीपेक्षा पांढरी दिसावी म्हणून दोनदा, चांगला दाट. आणि उन्हाळा कोरडा गेला म्हणून पहिल्या सरीच्या वेळी नळाचं तोंड गल्लीकडं वळवलंच नव्हतं. एवढं पाणी वाया घालवायला ती काय मारोझा होती?

तेव्हा एक शब्द बोलली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. ती बोलली नाही. रात्री सुनेच्या ताटात तिनं नेहमीपेक्षा कमी सार वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून दोन कुंड्यांच्या खोडांना लाल दोरे दिसले, बुटाच्या नाडीसारख्या सैल फासाचे. खाटेखाली कापडात गुंडाळलेल्या बाटल्या. चेन्सानं त्या पाहिल्या, कापड होतं तसं गुंडाळलं, आणि वाट पाहत राहिली.

लाल दोऱ्याच्या दोन्ही झाडांना वरून हिरवी पालवी फुटली. बाकीची दोन पिवळीच. नवऱ्याच्या खिशात दुसरीचा रुमाल सापडावा तशी चेन्सा त्या पालवीकडं पाहत राहिली. मग दोरियान कामावर गेल्यावर तिनं दोन्ही फास सोडले आणि ते दोरे पिवळ्या झाडांना बांधले. तिची बोटं जन्मभर लेस विणलेली. कुठं बघावं लागत नव्हतं, दोन वळसे, एक ओढ, टोकं आत. मग एकेक करून चारही कुंड्या जिन्यावरून खाली आणल्या. गुडघे बोंबलत होते, तिनं त्यांना बोंबलू दिलं. साल्वूच्या खाटेसमोर रांग लावली.

"बघ रे. तुझ्या बायकोनं दोरे बांधलेत. कशाचे, ठाऊक आहे?"

साल्वू कण्हत कोपरावर उठला. "ठाऊक आहे. लाल दोरेवाल्यांना विकतचं पाणी घालते. तुला सांगू नको म्हणाली होती."

"मला सांगू नको! बरं. आता बघ, लालवाली कशी आहेत."

साल्वू बघत राहिला. "पिवळी."

"आणि माझ्या पाण्याची?"

"हिरवी."

"मी काही म्हणत नाही हो," चेन्सा म्हणाली आणि खुर्चीवर बसून लेस विणायची उशी मांडीवर घेतली, दोरे गुंडाळलेल्या लाकडी टिपऱ्या हलवू लागली.

दोरियान संध्याकाळी आली, अंगातला कोट न काढता कुंड्यांसमोर उभी राहिली. आधी तिला कळेचना. मग ती खाली बसली, दोरा बोटानं चाचपला.

"ही गाठ माझी नाही."

"गाठीवर काय नाव लिहिलेलं असतं का गं?" चेन्सानं टिपऱ्या थांबवल्या नाहीत.

"आई, दोरे तुम्ही बदललेत. साल्वू, हे दुफाट्याचं झाड माझं होतं. हिरवं आहे ना, ते. मी त्याला स्वतःच्या हातानं..."

"दोरियान," साल्वू म्हणाला, "या पायांनिशी आई तो जिना चढली, मला दाखवायला. आणि तू तिला चोर म्हणतेस?"

"तू माझ्याकडं बघून सांग, मी खोटं बोलतेय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. भिंतीकडं पाहिलं. "मला झोप पाहिजे गं. मला फक्त झोप पाहिजे. सगळ्यांना टाक्याचंच पाणी घाल आणि वाद मिटव."

"म्हणजे चारही मरतील."

"तुझ्या तोंडून शाप बरे निघतात," चेन्सा म्हणाली. "तुझ्या आईकडं जाऊन ये. बोट चालू आहे अजून. डोकं शांत झालं की ये. नाही झालं तर नको येऊस."

दोरियान गेली. जाताना तिनं खाटेखालच्या बाटल्या ओढून काढल्या आणि ओळीनं टेबलावर मांडून ठेवल्या. चेन्सानं त्या मोरीत ओतून दिल्या.

तीन कुंड्या तिनं परत वर नेल्या. लाल दोऱ्याची एक मात्र साल्वूच्या अंगणाकडच्या खिडकीत ठेवली. "राहू दे इथं. तुला तुझ्या बायकोचं शहाणपण रोज दिसत जाऊ दे." तेवढा मोह तिला आवरला नाही.

रोज सकाळी ती चारही कुंड्यांना टाक्याचं पाणी घालायची. कुठलं झाड कुठं चाललंय हे तिला ठाऊक होतं. हात थांबत नव्हता. आता थांबला असता तर साल्वूला कारण द्यावं लागलं असतं. आधी हिरवी झालेली दोन पुन्हा पिवळी पडली, मग पांढुरकी, मग पानं हात लावताच गळायला लागली. फुलं धरलीच नाहीत. थंडी आली. भिंतीपलीकडं साल्वू उशीत तोंड घालून ओरडायचा, आणि चेन्सा अंथरुणात जपमाळ ओढत म्हणायची, सहन कर बाळा, देवाचा मुलगाही सहन करून गेला.

एका दुपारी ती सार घेऊन खोलीत गेली, तर खिडकीतली कुंडी साल्वूच्या छातीवर होती. खाटेच्या कडेला सरकून त्यानं ती कशी ओढली कोण जाणे, घामानं भिजला होता. वाळलेल्या खोडावरचा दोरा त्यानं अंगठ्याखाली धरला होता.

"दोन वळसे, एक ओढ, टोकं आत," तो म्हणाला. "लहानपणी तू विणायचीस तेव्हा टिपऱ्या मी धरायचो. अशी गाठ दोरियानला सात जन्मांत यायची नाही."

चेन्सानं वाडगा टेबलावर ठेवला. "थंड होईल. पी."

"फोन केला होता मी तिला. ती येणार नाही म्हणाली. आणि खरं सांगू? तिच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो."

"पी म्हटलं ना."

"कुठल्या पाण्याचं आहे?"

त्यानं वाडगा एका बोटानं हळूच टेबलाच्या कडेपर्यंत ढकलला आणि पुढंही ढकलला.

दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला तो चेन्साच्याच दारात. पाणीवाल्यानं बाटल्यांचे गठ्ठे उंबऱ्यावर रचायला सुरुवात केली. "साल्वूनं वर्षभराचं सांगितलंय मावशी. दर आठवड्याला. भोंगा जोरात वाजवायचा, असंही सांगितलंय."

गल्लीतली दारं उघडली. मारोझा हातातला फडका विसरून उंबऱ्यात आली. तिच्या चेहऱ्यावर कुचेष्टा असती तर चेन्साला सोपं गेलं असतं. तिथं नुसती काळजी होती.

"अगं चेन्सा! टाक्याला काय झालं?"

चेन्सानं तोंड उघडलं. मागच्या उघड्या दारातून साल्वूचा आवाज आला, दुखण्यानं चिरका झालेला, पण गल्लीभर पोचेल असा.

"सांग ना आई. काय झालं टाक्याला?"

खरं सांगितलं असतं तर चुना निघाला असता, चुन्यामागून दोरा, दोऱ्यामागून सून.

"आटलं," चेन्सा म्हणाली.

"आटलं? एवढा पाऊस होऊन?"

"तडा गेलाय. आटलं म्हटलं ना!"

ती एकेक गठ्ठा पोटाशी धरून आत नेऊ लागली. मान आपोआप खाली जात होती. झाकणापाशी पाय अडखळला. झाकणाखाली टाकं काठोकाठ भरलेलं होतं, दगड पडला तर डुबुक आवाज यावा एवढं. आता ते शेंदता येणार नव्हतं. भरलेली बादली कुणी पाहिली असती तर?

दुपारी दार वाजलं. मारोझा दोन बादल्या घेऊन उभी होती, धापा टाकत.

"आमच्या टाक्याचं आहे गं. प्यायला तुझ्यासारखं नाही, पण लाद्या पुसायला होईल. रोज आणून देत जाईन, संकोच करू नकोस. पुरेल ना?"

आतून साल्वू कण्हला, आणि मग ऐकायला गप्प झाला.

चेन्सानं बादल्यांच्या कड्या हातात घेतल्या.

"पुरेल," ती म्हणाली.