शिळेचा स्पर्श आणि विनोदकुमारची पाठ

जयनगरच्या त्या कल्याणमंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. ज्यांना बसवत नाही ते भिंतीला टेकून, ज्यांना उभं राहवत नाही ते सतरंजीवर आडवे. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाची टाच. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या स्पर्शानंद स्वामींकडे.

ही १९९६ सालची गोष्ट. माझी मोठी बहीण हेमावती, आमची अक्का, दर आठवड्याला त्या गर्दीत असायची. मणक्याची गादी सरकली म्हणून तिचं एक ऑपरेशन झालं होतं, तरी कळा थांबल्या नव्हत्या. गोळ्या, कमरेचा पट्टा आणि व्यायाम यांच्या जोरावर ती कशीबशी घर चालवायची. मी मल्लेश्वरमच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. तिने फारच गळ घातली म्हणून एकदा सोबत गेले.

"तेहतीस मणके, तेहतीस कोटी देव," स्वामी माइकवर सांगत होते. "एकेका मणक्यावर एकेक कोटी. त्यातला एक रुसला की कंबर धरते. आणि डॉक्टर काय करतो? देवावर सुरी चालवतो."

लोक माना डोलवत होते. मानेचे रोगीसुद्धा.

मग विनोदकुमार नावाच्या तिशीतल्या माणसाला दोघांनी धरून आणलं. सदरा वर केला तेव्हा त्याच्या पाठीवर मधोमध ऑपरेशनचा व्रण दिसला आणि डाव्या कुशीत लहानसा फुगवटा. चेहरा घामाने डबडबलेला, ओठ दाताखाली. पोटदुखीची नाटकं मी वर्गात रोज बघते. हे नाटक नव्हतं.

स्वामींनी एक काळी गुळगुळीत शिळा त्याच्या डाव्या कुशीला टेकवली आणि डोळे मिटले. बघता बघता त्याचा चेहरा सैल पडला. तो ताठ झाला, चालला, आणि त्याने स्वामींच्या पायांना हात लावला.

"काय वाटतं, बाळ?"

"पाठीत मुंग्या धावल्या. मग दुखणं विरून गेलं."

"मुंग्या नव्हेत. देव परतले. आठवड्याने पुन्हा रुसतील, तेव्हा पुन्हा ये."

अक्काने माझा हात घट्ट धरला. तिची पाळी आली तेव्हा मी तिला आधार देत उभी होते. शिळा जवळ आली, तशी माझ्या हातातली प्रयोगशाळेच्या कपाटाची लोखंडी किल्ली टक्‌कन तिला जाऊन चिकटली. स्वामींनी ती शांतपणे ओढून काढली.

"लोखंडालासुद्धा भक्ती कळते," ते म्हणाले. लोक हसले. शिळा कमरेला लावूनही अक्काला काहीच जाणवलं नाही. तेव्हा तिला आज्ञा झाली: गोळ्या बंद, पट्टा बंद, रोज भरलेली घागर उचलायची.

"अक्का, त्या शिळेत चुंबक आहे," रिक्षात मी म्हटलं.

"असेल. पण तो माणूस चालला का नाही?"

इथेच मी अडायचे. चुंबक लावून कुणाची पाठ बरी होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या माणसाचं दुखणं खरं होतं आणि थांबणंही खरं होतं. मी गोळ्यांसाठी विनवलं, भांडले. ती "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायची आणि घागर उचलायची.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाजात आनंद होता. "शिवलीला, डावा पाय आता मुळीच दुखत नाही. चिमटा काढला तरी कळत नाही. देव परतला बघ."

मी धावत गेले. ती दाराशी आली तेव्हा डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या ओळखीच्या डॉक्टर अरविंदांनी तपासून तातडीने ऑपरेशनला घेतलं. "दुखणं गेलेलं नाही," ते म्हणाले. "नस दबून पाय बधिर झालाय. पट्टा का सोडला यांनी?"

मी शिळेची कथा सांगितली. त्यांनी मध्येच विचारलं, "त्या माणसाच्या कुशीत फुगवटा होता का? कातडीखाली डबी ठेवल्यासारखा?"

"होता. शिळा तिथेच लावतात."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कातडीखाली बॅटरीची डबी, तिच्यातून पाठीच्या कण्यात गेलेली बारीक तार. मज्जारज्जूला हलका विजेचा प्रवाह मिळतो, मुंग्या येतात, आणि मेंदूकडे जाणारी कळ दबते. मूळ आजार तसाच राहतो. हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, आपल्याकडे अजून क्वचितच होतो. आणि ते यंत्र बाहेरून चुंबक धरून चालू-बंद करता येतं.

पुढच्या रविवारी मी शाळेतला चुंबक घेऊन गेले. विनोदकुमारला आणल्यावर मी पुढे झाले. "स्वामी, शिळेऐवजी हा लावून बघू या."

स्वामींनी शिळा झोळीत टाकली. "नास्तिकाची सावली पडली. आज शिळा मौन." आणि प्रवचन सुरू केलं.

विनोदकुमार खाली बसला. "मामा, लावा ना," तो पुटपुटला.

"स्वल्प थांब."

म्हणजे स्वामी त्याचे मामाच होते. मामांचं बोलणं लांबतच गेलं. तो कण्हत होता आणि लोक भक्तिभावाने ऐकत होते. शेवटी त्याने माझ्याकडे हात पसरला. "मिस, द्या ते इकडं."

त्याने चुंबक स्वतःच कुशीला धरला. थोड्याच वेळात श्वास सुटला, खांदे उतरले. मग सदरा वर करून त्याने लोकांना डबी दाखवली. आखातात कामावर पडून मणका मोडला होता, तिथल्या कंपनीने परदेशात नेऊन हे यंत्र बसवलं होतं. "रविवारी सकाळपासून मामा हे बंद ठेवतात," तो म्हणाला. "म्हणतात, खरं दुखल्याशिवाय लोकांना पटत नाही."

मी सगळी रचना समजावून सांगितली. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "म्हणजे यंत्रसुद्धा स्वामींच्या शिळेचं ऐकतं."

मला रडू यायचं बाकी होतं. कारण आजोबा एकटे नव्हते. निम्मे लोक उठून गेले, निम्मे आपल्या पाळीसाठी थांबले. स्वामींनी पुढे दुसरी पेठ धरली असं ऐकलं. विनोदकुमार डॉक्टर अरविंदांकडे येऊ लागला. अक्काचा पाय मात्र पूर्ण सुधारला नाही. ती तो ओढतच चालते, आणि कळाही परत आल्या आहेत.

तिला मी दोष देत नाही. रात्रंदिवस दुखतं तेव्हा माणूस कुणाचंही ऐकतो, आणि हे लोक नेमके त्यावरच जगतात. म्हणून एवढंच सांगते. समोरच्याचं दुखणं खरं आहे, एवढ्याने त्यावरचा दावा खरा होत नाही. एकाला गुण आला तर विचारा, बाकीच्यांना का नाही आला? तोच इलाज दुसऱ्याच्या हातून होतो का? आणि याची उत्तरं मिळेपर्यंत चालू औषध सोडू नका. विचारणाऱ्याला जो गप्प बसवतो, त्याच्या हाती आपली पाठ देऊ नका.