व्हिडिओ काढून टाकल्यावर

शिरपूरहून सातपुड्याकडे जाणारी बस ज्या गावाला टेकून मागे फिरते, तिथून पुढे डोंगराच्या कडेने पायवाट लागते. त्या वाटेवरच्या पाड्यात दिपमालाची शाळा होती. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. मुख्याध्यापक अभिमन सर निवृत्तीला टेकलेले, त्यामुळे शाळेत काही नवं करायचं म्हटलं की ते दिपमालाच्या अंगावर यायचं. तिलाही ते आवडायचं.

पाड्यातली बरीच माणसं कापूस वेचायला किंवा सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला बाहेर जायची आणि मुलांनाही बरोबर न्यायची. मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून दिपमालाने वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला. आधी ती लिहून पाठवायची. ते कोणी वाचत नव्हतं. मग तिने मुलांना सांगितलं, आज जो धडा झाला तो आपल्या बोलीत, आपल्या आवाजात गटावर सांगायचा. तेव्हापासून गट जागा झाला. शेताच्या बांधावर आईबापांच्या फोनवर मुलांचे आवाज वाजू लागले.

सगळ्यात जास्त वाट पाहिली जायची ती शीतलच्या आवाजाची. सहावीतली ही पोर. बाप रोहिदास जिनिंगमध्ये हमाल, आई गुंताबाई घरची कोरडवाहू शेती बघायची. शीतल धडा सांगायला लागली की तिची आजीसुद्धा हातातलं काम थांबवायची. एकदा पाण्याच्या वाफेचा धडा झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात शीतल उभी राहिली आणि हातवारे करत म्हणाली, "पानीले ऊन लागनं का ते रुसी जास, वर चाली जास. मंग थंडा वारा त्याले समजाडस, तवय ते पाऊस व्हईसन खाले येस."

उन्हावर रुसून वर गेलेलं पाणी, आणि त्याची समजूत काढणारा वारा. दिपमाला ऐकतच राहिली. तिने शीतलला पुन्हा एकदा सांगायला लावलं, ते फोनवर टिपलं आणि गटाऐवजी शाळेच्या फेसबुक पानावर टाकलं. गटावर पाड्यातली पन्नासएक माणसं होती. हे सगळ्यांनी ऐकायला हवं, असं तिला मनापासून वाटलं होतं.

आणि सगळ्यांनी ऐकलं. व्हिडिओ धुळ्यात गेला, जळगावात गेला, पार पुण्यापर्यंत पोचला. बऱ्याच जणांनी कौतुक केलं. शिक्षकांच्या गटांवर दिपमालाचं नाव झालं आणि धुळ्याच्या प्रशिक्षणात "समाजमाध्यमातून शिक्षण" यावर बोलायचं आमंत्रण आलं. पण कौतुकाच्या मागोमाग दुसरंही येत होतं. कोणी शीतलच्या आवाजामागे हसण्याचे आवाज जोडले. कोणी ते वाक्य दारू पिऊन झिंगलेल्या माणसाच्या चित्रावर चिकटवलं. "ही पोरगी सायंटिस्ट होणार," असं लिहून खाली हसरे चेहरे. दिपमाला ते वाचायची आणि बोटाने वर सरकवायची. चार टवाळ कुठे नसतात, असं ती अभिमन सरांना म्हणाली. सर म्हणाले, "टवाळ असतात हो. पण आपण त्यांच्या हातात पोर दिली नसती तर बरं झालं असतं." तिला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं.

मग एक दिवस गुंताबाई शाळेत आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"म्याडम, ते काढी टाका ना."

"काय काढू?"

"शीतलनं ते. तिना बाप जिनिंगमा जास, तठे लोके ते लायीसन हासतस. तो काही बोलत नही, पन घर ईसन जेवत नही."

दिपमालाने तिला समजावलं. अहो, हजारो लोकांनी तुमच्या मुलीचं नाव घेतलंय. हसणारे हसतील, आठ दिवसांत विसरतील. मनात मात्र वेगळंच होतं. धुळ्याचं भाषण पुढच्या आठवड्यात होतं आणि तिथे पडद्यावर हाच व्हिडिओ दाखवायचा होता. पानावरून तो आधीच नाहीसा झाला तर बरं दिसणार नव्हतं. भाषण झालं की काढू, असं तिने ठरवलं. गुंताबाईला ते सांगितलं नाही.

"तुम्हले जास्त समजस, म्याडम," म्हणून गुंताबाई परत गेली.

धुळ्याला टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात शिरपूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. दिपमाला शीतलला घेऊन गेली. मांडणी शीतलनेच केली होती, काचेचं झाकण आणि त्याला आतून धरलेले थेंब. परीक्षक अजून लांब होते. तेवढ्यात शेजारच्या टेबलापाशी एका मुलीने शीतलला ओळखलं आणि दुसरीला कोपराने ढोसलं. "तीच ती. पानी रुसी जास." दोघी हसल्या, मग त्यांच्यामागची चार मुलं हसली. त्यात दुष्टपणा असा नव्हता, जत्रेत पाहिलेलं चित्र प्रत्यक्ष दिसल्यावर मुलं हसतात तसं ते हसणं. शीतल खाली बघत उभी राहिली.

परीक्षक आले. त्यांनी विचारलं तेव्हा तिने हात अंगाशी घट्ट धरून पुस्तकातली व्याख्या म्हटली. उष्णतेमुळे द्रवाचे बाष्पात रूपांतर होते, या क्रियेस बाष्पीभवन असे म्हणतात. एकही अक्षर चुकलं नाही. तिला तिसरा क्रमांक मिळाला.

परतीच्या बसमध्ये दिपमालाने तो व्हिडिओ काढून टाकला. पण तो आता तिच्या एकटीकडे नव्हता. ज्यांनी उतरवून घेतला होता, त्यांच्याकडून तो फिरतच राहिला. तिने काहींना संदेश पाठवले, काहींनी काढला, काहींनी पाहिलंही नाही. पुढे तिने शाळेचं पानच बंद केलं. वर्गाचा गट चालू ठेवला आणि मुलं बोलत राहिली, पण शीतलचा आवाज त्यावर पुन्हा आला नाही. ती लिहून पाठवायची, शुद्ध मराठीत, दोन-तीन ओळी. दिपमालाने पुष्कळ आर्जवं केली. "घसा दुखतो, मॅडम," एवढंच ती म्हणायची. वर्गात विचारलं तर उत्तर अचूक द्यायची आणि बसायची.

आठवीला शीतल शिरपूरच्या वसतिगृहात गेली. त्या दिवाळीच्या तोंडावर बाजारात गुंताबाई भेटली. पोर बरी आहे, हुशार आहे, म्हणाली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "आते मन्हासंगे बी पुस्तकनागत बोलस. फोनवर. तिनी आजीले तर निम्मं समजतच नही."

दिपमाला घरी गेली ती तेच घेऊन. अमळनेरच्या कॉलेजात ती स्वतः पहिल्या वर्षी "मला"ऐवजी "मले" म्हणाली होती आणि वर्ग हसला होता. त्या वर्षात तिने आपली बोली घराच्या उंबऱ्याआड ठेवली, ती आजतागायत. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरीही गुंताबाई दारात उभी असताना तिला धुळ्याचा पडदा दिसत होता.

सुट्टी संपल्यावर ती वसतिगृहावर गेली. शीतल बाहेर आली, उंच झालेली, घट्ट वेण्या घातलेली. दोघी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या.

"शीतल, तो व्हिडिओ मी टाकायला नको होता. आणि तुझी आई आली तेव्हा लगेच काढायला हवा होता. माझं चुकलं."

शीतल गोंधळली. "तुमचं काय चुकलं, मॅडम? मीच चुकीचं बोलत होते तेव्हा. लहान होते ना."

मग कॉलेजच्या त्या वर्षानंतर घराबाहेर पहिल्यांदाच दिपमाला आपल्या बोलीत बोलली. "नही बेटा. तुनं काहीच चुकनं नव्हतं. तू जसं सांगे, तसं मले बी सांगता येत नही."

पाण्याच्या टाकीकडून तीन-चार मुली येत होत्या. शीतलने त्यांच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, इथे नको ना."

मुली जवळून निघून गेल्या. दिपमालाने मान हलवली आणि सहामाहीचं विचारलं. शीतलने एकेका विषयाचे गुण सांगितले. सगळे चांगले होते.